समास आखण्यात गेलेले तीन दिवस

दिवाळी झाली की आमचं घर कुलपात आणि आम्ही टेम्पोत. शेवगावकडच्या आमच्या कोरडवाहू रानावर वर्षभर पोट भरत नसे, म्हणून आई-वडील श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला जायचे. पाचटाच्या खोपटात निजायचं, थंडीत पहाटेच फडात उतरायचं. माझी शाळा निम्मं वर्ष इकडं, निम्मं तिकडं. दोन्हीकडच्या गुरुजींना मी पाहुणीच वाटायचे. तरी शिकले. घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. कुणी विचारलं नाही तरी सांगते.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आठवडे बाजारावर चाळीस पानांचा प्रकल्प हातानं लिहून द्यायचा होता. सोमवारी दिला नाही तर निकाल अडकेल, असं बाईंनी बजावलं होतं. माहिती सगळी गोळा झालेली. फक्त लिहायचं बाकी, आणि तेच होईना.

गुरुवारी मी चाळीस कागदांवर लाल पेनानं समास आखले. मग वाटलं, एकेरी रेघ उघडी दिसते. शुक्रवारी दुहेरी केली. शनिवारी मुखपृष्ठावर कांद्यांचा ढीग काढला, एकेका सालीसकट.

बाहेर ओट्यावर दादा पहाऱ्याला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते आणि आई नुकतेच तोडीवरून परतले होते. दोघंही शाळेत गेलेले नाहीत. पट्टी घेऊन वाकलेली पोर त्यांना अभ्यासातच दिसायची. शेजारच्या काकू चहापत्ती मागायला आल्या, तर दादा म्हणाले, "हळू बोला वयनी, आत कालेज चालूय."

"तीन दिस झालं की भावजी! कलेक्टर व्हनार का काय?"

"व्हईल बी."

हे ऐकून मला इतका हुरूप आला, की मी कांद्यांना मुळं काढायला घेतली.

रविवारी सकाळी दादा चहा घेऊन आत आले. कप ठेवायला त्यांनी कागद सरकवले. एक उचलला, उलटून पाहिला. दुसरा. तिसरा.

"ह्यात लिव्हलंय कुठं?"

"तयारी चाललीय, दादा."

"मला वाचता येत न्हाई पोरी, पर कोरं कळतं."

मी चहात तोंड घातलं.

"कोयत्याला नुसती धार लावत बसलो, तर मुकादम म्हनंल का ऊस तुटला? त्यो मोळी दाव म्हनतो."

चुलीपुढून आई म्हणाली, "कांदं मातर झ्याक काढल्यात हां. आता परीक्षेत तेच चिर."

दादांनी दारातच बैठक मारली. "लिव्ह. भरलं पान की इकडं दे."

पान दिलं की ते मागूनपुढून बघायचे. एक परत आलं. "हितं जागा मोकळी हाय."

"दादा, तिथं मुद्दा संपला!"

"मुद्दा संपला, पान कुठं संपलंय? आमी सरी मदीच सोडून येतो का?"

काय करणार? बाजारातल्या कोथिंबिरीबद्दल आणखी आठ ओळी लिहिल्या. माझा कोथिंबिरीचा भाग पुढं बाईंना फार सखोल वाटला. दुपारी आईनं भाकरी तिथंच आणून दिली. डाव्या हातानं खाल्ली म्हणून शिव्याही दिल्या. दिवेलागणीला चाळिसावं पान दादांच्या हातात पडलं. त्यांनी तेही उलटून पाहिलं आणि मगच दारातून उठले.

सोमवारी प्रकल्प वेळेत दिला. त्याच उन्हाळ्यात निकाल लागला, आणि मी पहिल्या वर्गात बी.ए. पास झाले.