सकीनाची भट्टी

सकीनाच्या धाकट्या भावाचा, युसूफचा फोन आला तेव्हा मी ऑटोत होते. "ताई, आपा गेली," तो म्हणाला. अमरावतीच्या त्या गोंगाटात मला नीट उमगलंच नाही. "कुठं गेली?" असं मी विचारलं… आणि पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं. त्या सकाळी सकीना नेहमीसारखी अकोल्याच्या कारखान्यात पोचली, खुर्चीवर टेकली, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता महिना उलटून गेला.

आमची मैत्री कॉलेजातली. तिच्या आजोबांनी तरुणपणी परमुलखात एका इंग्रज साहेबाच्या कारखान्यात चिनी मातीचं काम शिकून घेतलं आणि अकोल्याला परत येऊन स्वतःची भट्टी घातली. वरून तपकिरी, खालून पांढऱ्या अशा त्यांच्या लोणच्याच्या बरण्या. आमच्याकडे लेकीला सासरी पाठवताना एखादी तरी बरोबर देत. आजोबांमागे वडील, वडिलांमागे ही दोघं भावंडं. जठारपेठेतलं दुकान धाकटा युसूफ बघायचा आणि कारखाना सकीना. लग्न तिनं केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "भट्टी टाकून कोण जाईन वं?"

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. गावागावांतून ऐकू नयेत अशा बातम्या यायच्या. खेड्यांचा हात आखडला आणि लग्नाच्या खरेदीतून सगळ्यात आधी बरणी गळाली. जी घ्यायचीच, ती लोक प्लॅस्टिकची घेऊ लागले. कारखान्याच्या अंगणात बरण्यांच्या रांगा तशाच उभ्या, त्यांच्यावर धूळ. युसूफ म्हणू लागला की भट्टी विझवू, जागा विकू. काम करणाऱ्या बायकांचं काय, एवढंच सकीना विचारायची.

अशातच ती पूर्णेकाठच्या एका गावात जुन्या गिऱ्हाईक दुकानदाराकडे गेली. परतीची एसटी चुकली. दुपारीच तिला बाहेर जायची निकड लागली, तर दुकानदाराची बायको म्हणाली, "आपा, दिवस बुडाल्याशिवाय नाई जाता येत. आमी रोजच थांबतो." सकीना पोट धरून अंधार पडायची वाट बघत बसली. दुसऱ्या दिवशी थेट माझ्या दारात! चहाचा कपही न उचलता म्हणाली, "आयक वं, मी आता संडासाचे भांडे बनवणार हाव."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. युसूफ तर पेटलाच. त्यांच्या घरी त्या दिवशी मी होते. "आजोबांच्या भट्टीतून लोक लोणच्याच्या बरण्या नेतात, आपा! तिच्यात तू संडासाची भांडी भाजणार?"

"मंग काय झालं? लोणचं खाल्लं का शेवटी तिकडंच जाते ना!"

मी तोंडाला पदर लावला. युसूफ मात्र ताटावरून उठून गेला. थोड्याच दिवसांत त्यानं दुकान आवरलं आणि अमरावतीत येऊन फरशांचं दुकान टाकलं. बहिणीशी बोलणं बंद.

बरणी गोल, तिचा साचा सरळ. हे भांडं वाकडं आणि जड. पहिली भट्टी उघडली तर एकूण एक भांड्याला मानेशी तडा. दुसरीचीही तीच गत. मी भेटायला गेले तेव्हा ती त्या फुटक्या ढिगाऱ्याशेजारी बसून बायकांबरोबर भाकरी खात होती. "आजोबाच्याबी पहिल्या बरण्या अशाच फुटल्या असतीन," म्हणाली, आणि पुढ्यातली चटणी माझ्याकडे सरकवली. भट्टी हळूहळू निववली तर तडे जात नाहीत, हे पुढे त्यांना चुकतमाकत सापडलं. झिलई काचेसारखी यायला लागली, गावांतून मागणी येऊ लागली… आणि शहरात कुजबुज सुरू झाली. त्याच भट्टीतल्या बरण्या? शी! माझ्या चुलत सासूबाईंनी तर आपल्या दोन्ही कोऱ्या बरण्या परत पाठवल्या. सकीनानं त्या ठेवून घेतल्या. मला म्हणाली, "विस्तवातून निंगाल्यावर काई बाटते का वं? पण सांगावं कोणाले." आणि तिनं बरण्या बंद केल्या. शेवटची भट्टी उघडली त्या दिवशी एकेक बरणी ती स्वतः बाहेर काढत होती. डोळे लाल. धुरानं, असं तिनं सांगितलं.

अमरावतीत मी एकदा युसूफच्या दुकानावरून जात होते. समोरच, फरशांच्या नमुन्यांपुढे, तिची पांढरीशुभ्र भांडी मांडलेली! मी तिथूनच तिला फोन केला. ती जराही चकित झाली नाही. "मले म्हाईत हाय. दुसऱ्याच्या नावानं माल मांगवून राहिला थो. बोलत नाई, पण निवडतो चांगला." पुढे ईदेला तो आपणहून घरी आला. माफी कुणी मागितली नाही, कुणी द्यायला बसलं नाही. भांड्यांना गुलाबी रंग द्यावा का यावर दोघं तासभर भांडली, एवढंच.

परवा तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला अकोल्याला गेले. घर माणसांनी भरलेलं, हातोहात ताटं फिरत होती, जो तो मला धीर देत होता. मला रडूच येईना. उठले, ऑटो केली आणि कारखान्यात गेले. तिथल्या जुन्या कामकरीण कांताबाईंनी मला ओळखलं. काही न विचारता त्यांनी मागच्या भिंतीकडची एक खोली दाखवली. भट्टीतून धड निघालेलं पहिलं भांडं सकीनानं विकलं नव्हतं. ते तिनं इथं, कारखान्यातल्या बायकांसाठी बसवलं होतं. पांढरं लख्ख भांडं, पाण्यानं भरलेली बादली, खुंटीवर धुतलेला टॉवेल, भिंतीला छोटा आरसा. दाराला आतून जाडजूड कडी.

मी आत गेले. कडी लावली. आणि मग जे रडू आलं, ते कितीतरी वेळ आवरेना. बाहेर कुणीतरी येऊन थांबल्याचं कळलं, तशी मी घाईघाईनं तोंडावर पाणी मारलं.

"राहू द्या बाई," कांताबाई दाराबाहेरून म्हणाल्या. "बसा निवांत. इथं कोणी कोणाले घाई नाई करत."