चार नंबरची खपली

गाईची म्हणून मी माझ्या स्वतःच्या कोपराची खपली नागपूरच्या प्रयोगशाळेत तपासायला दिली. मूर्खपणा एवढाच. पण तो ज्याच्या वाट्याला आला, त्या माझ्या साडूसारखा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. गुरांच्या दवाखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ साकोलीजवळच्या आपल्या गावात राहतो, आणि सोयरीक जुळवताना लोक जशी घराण्याची चौकशी करतात तशी तो रोगाची करतो. कुणाच्या गाईला लम्पी झाला की बाकीचे विचारतात, तणस-चारा खाते का? हा विचारतो, "कुठचा हाय? कोणाकडून आला?" गाठींवर धरलेल्या खपल्या तो डब्यांत जपून ठेवतो. त्यांच्या घरी सुपारीची डबी पुढे आली तर आम्ही सारे नातलग ती आधी उजेडात धरून बघतो.

दिवाळीनंतर हा सिहोऱ्याला एका साक्षगंधाला गेला आणि मांडव सोडून नवऱ्या मुलाच्या गोठ्यात जाऊन बसला, कारण तिथे तीन जनावरांना लम्पी होता. मुलगी कशी होती ते त्याला आजही सांगता येत नाही. बैलाच्या मानेवरच्या गाठी मात्र तोंडपाठ आहेत. परत आल्यावर आठ-दहा दिवसांनी त्याच्याच गाईला, मैनेला, गाठी आल्या. मग शेजाऱ्यांच्या गुरांना. गावाने निकाल दिला: यानेच सिहोऱ्याहून पायजम्याला लावून रोग आणला. ज्या शेजाऱ्याच्या तीन पिढ्यांच्या गाई याने विताना मोकळ्या केल्या, तो फाटकाला दोरी बांधत तोंडावर म्हणाला, "भाऊ, आता आमच्या गोठ्यात पाय नोका ठेवू." त्या दिवसापासून साडूचा चहा कपातच थंड व्हायला लागला.

"हा रोग सिहोऱ्याचा नाहीच, मास्तर," तो मला म्हणाला. मी शाळेत शिकवायचो, त्यामुळे त्याने माझ्या पातळीवर उतरून समजावलं. "विषाणू सोताचीच नक्कल करते. करता करता एखादं अक्षर चुकते. दोन पोरांच्या पेपरात एकच चूक दिसली तं तू काय समजत होता?"

"एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलं."

"हां! मंग मैनेच्या रोगातली चूक अन् सिहोऱ्याच्या रोगातली चूक अलग निघाली, तं मी सुटलो ना बापा!"

प्रयोगशाळेतला एक ओळखीचा डॉक्टर तपासून द्यायला तयार झाला. तोवर साडूने खबरदारी म्हणून अंगणात इतकं फिनाईल ओतलं की पोस्टमन रस्त्यावरूनच पत्र फेकायचा. मी आत शिरलो आणि सपशेल घसरलो. कोपर सोलून निघालं. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

आठवड्याभराने बर्फाच्या पेटीत चार डब्या ठेवल्या. तीन सिहोऱ्याच्या त्या तीन जनावरांच्या, चौथी मैनेची. गावात दुसरं कोणी याला जनावराजवळ फिरकू देईना, आणि मैनेच्या बाकी खपल्या त्याने नियमाप्रमाणे जाळून टाकलेल्या. "जीव गेला तरी पेटी उघडू नको," असं बजावून पेटी माझ्या हाती दिली. साकोलीच्या स्टँडवर शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "आइसक्रीम हाय का?" आता मास्तरला प्रश्न विचारल्यावर तो गप्प बसेल? मी पेटी उघडली, चार नंबरची डबी उघडली, विषाणूच्या घराण्यावर तास घेतला. तेवढ्यात बाजूने ट्रक गेला, आणि खपली उडाली. मी बाकाखाली रांगलो. प्रवासीही रांगला. शेंगदाण्याची टरफलं तेवढी मिळाली. बस लागली, तेव्हा माझी नजर माझ्याच कोपरावर गेली. खपली छान वाळली होती.

पंधरा दिवसांनी डॉक्टरचा फोन आला. तीन डब्यांत लम्पी सापडला. चौथीत काहीच नाही, जनावर नेमकं कोणतं ते पुन्हा बघून कळवा. मी सगळं कबूल केलं. मला वाटलं, साडू आता फिनाईलची बाटली डोक्यात घालेल. तो माझ्या कोपराकडे बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "खपली चांगली धरली होती रे."

तोवर मैना पार बरी झाली. अंगावर खपली नावाला उरली नाही, म्हणजे पुन्हा तपासायला पाठवायलाही काही नाही. रोज सकाळी तो तिच्या पाठीवरून हात फिरवतो, गाठ असायची तिथे बोट थांबवतो. जनावर बरं झालं म्हणून ज्याचा चेहरा फुलतो आणि लगेच उतरतो, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेजाऱ्याच्या फाटकाची दोरी अजून बांधलेली आहे. जाता-येता साडू त्या गोठ्यातल्या गाईकडे रस्त्यावरूनच बघतो, आणि ती कशी चालते ते मला सांगतो.

मागच्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा दारात आकडसासू, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, उभी होती. मला पाहून तिने आत हाक दिली,

"अवो, चार नंबरचं जनावर आलं. तणस टाका!"