चूक टीमची

घाटकोपरच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रुजू झाले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईने मला सांगितलं, "इथे चूक कुणाचीही असू दे, नाव घ्यायचं नाही. चूक टीमची." मला भरून आलं. आधीच्या नोकरीत चुकणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायचे. माझंही लागलं होतं. वाटलं, आपल्यासारखी माणसं मिळाली. ती बाई पुढे माझी मैत्रीण झाली.

या नियमाला एक शेपूट होतं, ते हळूहळू कळलं. आमच्या चुकीमुळे रक्त पुन्हा घ्यावं लागलं, तर पेशंटला सांगायचं, "सॅम्पल गोठलं." मीही सांगत आले. इतक्या सहज, की ते खोटं आहे हेसुद्धा विसरले.

एका सकाळी मैत्रिणीच्या हातून दोन नळ्यांवरच्या स्टिकरांची अदलाबदल झाली. मुलुंडच्या एका आजोबांचा रिपोर्ट जुन्या रिपोर्टशी जुळेना, तेव्हा लक्षात आलं. फोन मी लावला. "गोठलं म्हणून सांग ना यार, नेहमीचंच," ती म्हणाली.

मी तेच सांगितलं. आजोबा म्हणाले, "मागच्या वेळीही गोठलं होतं. माझ्या रक्तात काही दोष आहे का गं? तेव्हापासून रोज सकाळी कच्चा लसूण खातोय."

मागच्या वेळी फोन मीच केला असणार. मला पुढे रेटता येईना. स्टिकरांचं सगळं सांगून टाकलं. कुणाच्या हातून झालं, ते नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांचा मुलगा भांडायला आला. तो गेल्यावर सरांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. स्टिकरं कुणी लावली, हे त्यांनी विचारलंच नाही.

"पेशंटला हे कोण बोललं?"

मला खात्री होती, कुणीतरी म्हणेल, टीमची चूक. मैत्रीण म्हणाली, "ही बोलली, सर. मी नको म्हणत होते."

मी तिचं नाव घेऊ शकले असते. गप्प बसले. त्याला तत्त्व म्हणायला मला आवडेल, पण खरं सांगायचं तर तेव्हाही मला त्यांच्यातच राहायचं होतं.

"टीममध्ये राहायचं तर टीमसारखं वागा," सर मला म्हणाले. "नाहीतर दुसरीकडे बघा."

जेवणाच्या सुट्टीत तिने सरकून नेहमीसारखी जागा केली. "बस ना गं. रागावलीस? माझं नाव आलं असतं तर वाट लागली असती माझी. तुला काय, सर ओरडतात आणि सोडून देतात." डब्यातले घावणे तिने माझ्यापुढे केले.

मी बसले. घास उतरला नाही असं लिहायला बरं वाटलं असतं, पण भूक लागली होती. तिला त्याबद्दल मी अजून काही विचारलेलं नाही. विचारलं, तर तिथे बसता येणार नाही.