न गिळलेला खिळा

गादीवाल्याला मी कितपत ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर पंचाईत होईल. त्याचं दुकान आमच्या जिन्याखाली होतं आणि माझी खुर्ची त्याच्याकडे दोनदा गेली होती, ओळख एवढीच. लिहायची मला सवय नाही. पण त्याच्याबद्दल छातीठोक बोलणाऱ्यांना तो तेवढाही ठाऊक नव्हता, म्हणून धीर करतो.

सोफ्याला कापड ठोकताना तो मूठभर बारीक खिळे तोंडात धरायचा. जिभेने एकेक ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीवर टिपायचा आणि ठोकायचा. तोंड असं भरलेलं, त्यामुळे दोघांच्या वाटचं बोलणं बायकोकडे; पुढचं बरंचसं मला तिच्याकडूनच कळलं.

एकदा जेवताना घास छातीत अडकला. मग रोजच अडकू लागला. पाणीसुद्धा उलटून वर यायचं.

“खिळा गिळला असणार,” बायकोने निकाल दिला.

“माझ्या तोंडातला खिळा मला विचारल्याशिवाय कुठे जात नाही.”

“घास तरी कुठे विचारून अडकतोय?”

एक्स-रेत खिळा निघाला नाही. कारागिराची अब्रू वाचली, घास मात्र अडकतच राहिला. समोरच्या शिंप्याने मान वर करून जेवायला सांगितलं, न्हाव्याने खाली घालून. याने दोन्ही करून पाहिलं, मान अवघडली, म्हणून पाठीची एक गोळी जास्त घेतली.

ही गोळी कंबरेच्या ऑपरेशननंतर थोड्या दिवसांसाठी दिलेली. पाठीचे डॉक्टर वर न बघता ती वर्षभर लिहून देत होते. छातीत कळ आली तरी हा तीच घ्यायचा.

तोवर तो इतका वाळला होता की विजार दोरीने बांधायची वेळ आली होती. मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, दाब मोजला आणि सांगितलं, पोटाच्या तोंडाची झडप उघडत नाही, कापून सैल करू. कुठलं औषध चालू आहे का, यावर गादीवाला “काही नाही” म्हणाला.

ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तेच विचारलं. या वेळी बायकोने पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“हे का लपवलंत?”

“लपवलं कुठे? ती पाठीची आहे. सोफ्यात पाठ वेगळी भरतात, बैठक वेगळी. इकडचा कापूस तिकडे जात नाही.”

“माणसात जातो,” बाई म्हणाल्या.

गोळी अफूच्या जातीची होती. अशी गोळी दुखणं दाबते, पण काहींच्या अन्ननलिकेची लयही बिघडवते. गिळताना सैल पडायची झडप आवळूनच राहते. ऑपरेशन थांबलं. गोळी एकदम न तोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची ठरली. मोठे डॉक्टर म्हणाले, “मला शंका होतीच.” ती फारच मितभाषी शंका असावी.

गोळी उतरत गेली तशी पाठ बोंबलू लागली, आणि घास खाली जाऊ लागला. पुढे ती दोघं दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेली. त्याआधी एकदा तो मला दुकानाच्या दारात भेटला; आत त्याचं ताट वाढलेलं होतं.

“काय, जेवण जातंय ना?”

“जातंय. सावकाश जातंय, पण जातंय. पाठीचं मात्र विचारू नका.”

“बरं, नाही विचारत.”

“या की, दोन घास घ्या.”

“नको, आत्ताच झालं माझं.”

“मग मी बसतो,” तो म्हणाला. “गार होतंय.”