एकेचाळीस घरांची फेरी

तुळशीबाईने फोडलेल्या खडीच्या ढिगात मी कधी पहार घातली नाही.

म्हसावदहून वर डोंगरात जाणाऱ्या रस्त्यांवर मी एकतीस वर्षं राबलो. पहिली बारा वर्षं घमेलं उचललं, मग मुकादम झालो. खडी फोडणाऱ्याची मजुरी ढिगाच्या मापावर. काही जण ढीग पोकळ रचत. आत मोठे दगड एकमेकांना टेकवायचे आणि वरून बारीक खडी ओतायची. बाहेरून ढीग भरलेला दिसतो. मी पहार खुपसायचो. ती सरळ आत गेली की ढीग पोकळ. मग ज्याने रचला त्यालाच मोडायला लावायचो आणि त्याच्याच हाताने पुन्हा रचून घ्यायचो. हाकलून कुणाला दिलं नाही. हाकललं की तो सुटतो आणि ढीग तसाच राहतो.

तुळशीबाई हे बघत सोळा वर्षं माझ्या टोळीत होती. म्हसावदच्या वर दोन तास चढावर तिचा पाडा. बोलणं कमी. तिचा नवरा इंद्रसिंग आणि ती दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जात आणि होळीच्या आधी परत येत. उरलेले दिवस रस्त्यावर. घरी ती पावरी बोलते, माझ्याशी आमची अहिराणी.

तिची मुलगी निशा. आश्रमशाळेतल्या तपासणीत तिला सिकलसेल निघाला. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. मग हाडं दुखतात, माणूस गुरासारखं ओरडतं. दुखणं वाढलं तेव्हा तिला घरी आणलं. घरी बघायला कुणी नाही, म्हणून ऊसतोडीला सोबत न्यायची.

त्याच सुमारास नंदुरबारच्या एका दवाखान्यात संशोधन सुरू झालं. कोणत्या रुग्णाचं दुखणं येत्या महिन्यात उसळणार ते आधीच ओळखायचं, असा त्याचा हेतू. सिकलसेल, क्षयरोग, दमा, तिन्हींचे रुग्ण घेतले. रस्त्याच्या धुळीने माझी छाती गेलेली, मी दम्याच्या यादीत होतो. ते मला सहा मिनिटं चालायला लावत आणि अंतर मोजत. संशोधन चेतना मॅडमचं. महिन्यातून एकदा घरी माणूस येणार, वजन घेणार, दुखणं विचारणार, पाणी किती पितो ते विचारणार. ते सगळं कॉम्प्युटरमध्ये जाणार. मग तो ठरवेल तसं प्रत्येकाला कार्ड. लाल कार्ड म्हणजे धोका, आधी खाट. हिरवं कार्ड म्हणजे सध्या ठीक.

तुळशीबाई तयार नव्हती. मीच तिला सांगितलं, "नाव लिखी दे. कागदवर नाव ऱ्हायनं म्हंजे दवाखाना इसरत नही."

तिने माझ्या शब्दावर नाव दिलं. हे मी लपवत नाही.

घरोघर फिरायला नेमलेला माणूस योगेंद्र. रनाळ्याचा, शिकलेला, मोटारसायकलवाला, बोलायला गोड. माझ्याकडे वेळेवर यायचा, कारण माझं घर डांबरी रस्त्यावर. वरच्या पाड्यावर मोटारसायकल जात नाही.

गेल्या वर्षी होळीच्या आठ दिवस आधी तुळशीबाई, इंद्रसिंग आणि निशा ट्रकमधून परतले. निशाने वाटेत पाणी प्यायलं नव्हतं. ट्रक मध्ये थांबत नाही, म्हणून पोरी पाणी टाळतात. आल्यापासून तिचे पाय दुखत होते.

मग भोंगऱ्याचा बाजार आला. होळीआधीचा तो बाजार म्हणजे डोंगरातला सगळा माणूस खाली उतरतो. ढोल, पावा, साखरेचे हार. पाड्यावर म्हातारंही उरत नाही. त्या दिवशी तुळशीबाईच्या पाड्यावर एकच दार उघडं होतं, तिचं. निशा खाटेवर होती आणि आई तिचे पाय चोळत होती.

मी बाजारात होतो. योगेंद्रही होता. आम्ही दोघांनी जिलेबी खाल्ली. पैसे त्याने दिले.

तिसऱ्या दिवशी निशाच्या छातीत दुखायला लागलं. झोळीतून खाली आणली, जीपने नंदुरबारला नेली. दुपारी बारा वाजता पोचले. खिडकीवर कार्ड मागितलं. हिरवं. "बसा," म्हणाले. लाल कार्डवाले आधी. ती बाकावर बसली, मग बाकावर आडवी झाली. पाच वाजता खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती गेली. चौदा वर्षांची होती.

बाराव्या दिवसानंतर तुळशीबाई माझ्या दारात आली. बसली नाही.

"मुकादम, दवाखानामा चाल. तिना कागदवर काय लिखेल शे ते माले ऐकनं शे."

इंद्रसिंग म्हणत होता, पोरगी गेली, आता कागद कशाला. ती निघालीच होती. आम्ही गेलो. चेतना मॅडमने निशाचा कागद काढला आणि वाचला. शेवटची भेट भोंगऱ्याच्या दिवसाची. वजन एकतीस किलो. दुखणं नाही. पाणी भरपूर.

तुळशीबाईने पुन्हा वाचायला सांगितलं. मॅडमने पुन्हा वाचलं.

"त्या दिन त्यानी किती घरं करी?" तिने विचारलं.

मॅडमने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. एकोणीस घरं, एका दिवसात, भोंगऱ्याच्या दिवशी. त्या दिवशी तिथे एकोणीस कोंबड्या भेटल्या असत्या, माणूस नाही. डोंगरातलं लहान पोरही ही तारीख टाकणार नाही. योगेंद्रने टाकली, कारण बाजारात उभा असूनही त्याच्या लेखी तो एक शुक्रवार होता; वर पाडे रिकामे झालेत हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

त्याला बोलावलं. तो आला, मला पाहून हसला, मग तिला पाहून हसायचा थांबला.

"मी फोन करा व्हता, मॅडम," तो म्हणाला.

"वजन बी फोनवर लिधं का?" तुळशीबाई म्हणाली.

मी म्हणालो, "त्या दिवशी हा माझ्यासोबत जिलेबी खात होता." तेवढं बोलताना माझ्या तोंडाला पुन्हा तो पाक लागला. अजून लागतो.

मॅडमचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे. आम्ही कार्डकडे बघितलं, पोरीकडे बघितलं नाही. याला मी आजच काढते. याचे सगळे कागद रद्द करते. संशोधनाच्या समितीला कळवते."

तुळशीबाई उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता.

"याले काढशात ते हाऊ घर जाईसन पंखाखाले पडी ऱ्हाई. नही. यानी ढीग रचेल शे, हाऊच मोडी. बठ्ठा घरं पायी. मन्हा संगे."

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. मी पोकळ ढिगाचं सांगितलं: ज्याने रचला त्यानेच मोडायचा, म्हणजे सगळी घरं त्यानेच पायी फिरायची. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं. मग म्हणाल्या, "लिहिणार मी. याच्या हातात पेन देणार नाही. पण विचारेल हा, आणि ओझं हाच वाहील. त्यानंतर काढीन."

योगेंद्र नाही म्हणू शकला असता. तुळशीबाईने त्याला एवढंच सांगितलं, "तू नही उना ते मी रनाळामा तुन्हा दारवर येसू. रोज."

तो आला.

एप्रिलचा पहिला आठवडा. त्या डोंगरात एक घर एका टेकडीवर, दुसरं दुसऱ्या. योगेंद्रच्या यादीतली वरच्या पाड्यांची एकेचाळीस घरं, सहा दिवस. मी पहिल्या आणि शेवटच्या दिवशी गेलो. रोज चढायला माझी छाती पुरत नाही. मधल्या चार दिवसांचं मॅडमनी सांगितलं.

बैलगाडीची वळणावळणाची वाट होती. तुळशीबाईने त्याला ती दाखवली नाही. ती सरळ चढाच्या पाऊलवाटेने पुढे चालायची. त्याच्या डोक्यावर वजनाचं मशीन, खांद्याला रक्त तपासायची पेटी. पायात शहरी बूट. दुसऱ्या टेकडीवर टाचा सोलल्या. तो बसला तर ती दहा पावलं पुढे जाऊन उभी राहायची आणि वळून त्याच्याकडे बघत राहायची. तोच उठायचा.

प्रत्येक घरात त्याने कागदावरचे प्रश्न विचारायचे. शेवटी एक प्रश्न तिने वाढवला होता, याआधी तो तिथे आला होता का.

"मी पहिले येल शे का?"

घरोघर तेच उत्तर. नाही. कोण रे तू? नाही. चौथ्या घरातल्या फुलीबाई नावाच्या म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पावरीत काहीतरी म्हणाली. अंगणातल्या बाया हसल्या. तुळशीबाईने त्याला ते अहिराणीत सांगितलं. "ती म्हनस, लगीनले पोर देखाले येल शे का? मंग पहिले तूच मशीनवर उभा ऱ्हाय. एवढासा चढमा वाकना, नांगर काय धरशी?"

तोही कसनुसं हसला. तुळशीबाई हसली नाही.

सत्ताविसाव्या घराच्या उतारावर त्याने मशीन खाली ठेवलं आणि तिच्या पायाशी वाकला. "मी चुकनू, बहीण. माले माफ कर."

"पुढलं घर," ती म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "त्या क्षणी मला वाटलं, हिने आता थांबावं." मी म्हणालो, "मॅडम, ढीग अर्धा मोडून ठेवला तर तो पोकळपेक्षा वाईट."

सहाव्या दिवशी मी काठी घेऊन गेलो. चाळीस घरं झाली होती. एकेचाळिसावं तिचं. इंद्रसिंग मोहाच्या झाडाखाली पाठ करून बसला होता. तुळशीबाईने ओसरीत घोंगडी टाकली, निशाची खाट होती त्या जागेवर. समोर योगेंद्रला बसवलं.

"इचार," ती म्हणाली.

"हिचं..." तो थांबला.

"बठ्ठं इचार. तिन्हं नाव पासून."

"रुग्णाचं नाव?"

"निशा."

"वय?"

"चौदा."

"गेल्या तीन महिन्यांत दुखणं किती वेळा?"

तिने बोटांवर सांगितलं. जानेवारीत उसाच्या फडात दोनदा. थंडी होती, पहाटे पाण्यात हात. फेब्रुवारीत एकदा, तीन दिवस. ट्रकमधून उतरल्यावर रोज. मॅडम लिहीत होत्या.

"पाणी किती प्यायची?"

"ट्रकमा काहीच नही."

पुढचा रकाना वजनाचा. त्याने मशीनकडे पाहिलं.

"इचार," ती म्हणाली. "तू वजनना रकाना कधी मोकळा सोडेल नही."

"वजन..." तो म्हणाला. मशीन त्याच्या गुडघ्याशी होतं. तुळशीबाईने ते उचललं, दोघांच्या मध्ये जमिनीवर सपाट ठेवलं. त्यावर शून्य दिसलं. तिने त्याला ते बघायला लावलं. मोहावर कावळे ओरडत होते.

मग तिने मॅडमच्या हातातलं पेन मागितलं आणि त्याच्या हातात दिलं. मॅडमनी अडवलं नाही.

"आते लिख. खरं."

त्याने लिहिलं: वजन घेता आलं नाही. रुग्ण मयत. खाली सही केली.

"आखो एक ऱ्हायना," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "मी पहिले येल शे का?"

"नही."

एकेचाळीस.

योगेंद्रला त्याच संध्याकाळी काढलं. समितीने चौकशी केली, मॅडमनाही झापलं. मॅडमनी ते खाली मान घालून ऐकलं आणि काम पुढे नेलं. नव्या कागदांवरून जे निघालं ते त्यांनी मला समजावलं. जे ऊसतोडीहून परतले त्यांचं दुखणं पहिल्या पंधरा दिवसांत उसळतं. जुन्या कागदांत हे दिसत नव्हतं. योगेंद्रने लिहिलेली माणसं कधी गावाबाहेर गेलीच नव्हती, त्यांना कधी तहान लागली नव्हती, त्यांना काही दुखत नव्हतं. कॉम्प्युटर त्यांच्यावरून शिकला.

आता नियम असा की ट्रकमधून उतरलेल्या सिकलसेलच्या रुग्णाला महिनाभर लाल कार्ड, विचारपूस नंतर. या वर्षी होळीआधी म्हसावदच्या फाट्यावर दवाखान्याची गाडी आठ दिवस उभी होती. तुळशीबाई यंदा ऊसतोडीला गेली नाही. ती ट्रकच्या फळीशी उभी राहून पोरींना खाली उतरवत होती आणि पहिला तांब्या स्वतः पाजत होती. त्या महिन्यात त्या पाड्यांवरचं एकही माणूस बाकावर झोपलं नाही. हे मी मॅडमकडून ऐकलं आणि तुळशीबाईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

लोकांना वाटतं की इथे गोष्ट संपली. चांगलं झालं, पोरीचं नाव राहिलं, बाईने मन मोठं करावं. मला असं म्हणणारे लोक सावलीत बसलेले असतात.

योगेंद्र आता नंदुरबारला मिरचीच्या बाजाराजवळ चुलतभावाच्या दुकानात बसतो. तुळशीबाईला महिन्यातून एकदा दवाखान्यात बैठकीला बोलावतात. ती स्टँडवरून रिक्षा करत नाही. चालत जाते, वाकडी वाट करून. दुकानासमोर उभी राहते. गिऱ्हाईक असलं तर ते जाईपर्यंत थांबते. लाल मिरचीचा खकाणा असतो, तरी खोकत नाही. मला खोकला येतो, मी दूर उभा राहतो.

गेल्या महिन्यात मी सोबत होतो. तिने त्याला विचारलं, "मी पहिले येल शे का?"

तो उठून उभा राहिला. "हां, बाई."

"कितला येळा?"

"अकरा."

ती थोडा वेळ मोजत राहिली. "बरोबर," म्हणाली आणि दवाखान्याकडे चालू लागली.