तुळशीत पुरलेला दात

"दाँत कहाँ है?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

जनकपुरीतला त्यांचा दवाखाना रविवारी बंद असायचा, पण त्या वरच्याच मजल्यावर राहायच्या, म्हणून घंटा वाजवल्यावर खाली आल्या. माझी साडेनऊ वर्षांची मुलगी मुग्धा खुर्चीत आ करून बसली होती. मी ओठाला टाके पडतील का, एवढंच विचारायला आलो होतो.

"घर पे है," मी म्हणालो. "दूध का था, डॉक्टर साहब. गिरना ही था."

त्यांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या. "दूध का नहीं, पक्का दाँत था. अब दूसरा नहीं आएगा."

याला ॲव्हल्शन म्हणतात, हे मला तिथे कळलं. म्हणजे दात मुळासकट निखळून बाहेर येणं. पक्का दात असा पडला तर तो परत बसवता येतो, पण लवकर, जमलं तर अर्ध्या तासाच्या आत. मी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं होऊन गेली होती. आणि दात आमच्या बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीत, मातीखाली होता.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. आम्ही सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून द्वारकेच्या नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. निम्मे फ्लॅट रिकामे, पाणी टँकरचं, टेलिफोनचा अर्ज रांगेत. रस्त्याकडेला सगळीकडे खडीचे ढीग. त्याच खडीवर मुग्धाची सायकल घसरली, तिचं तोंड हँडलवर आपटलं आणि वरचा समोरचा दात निखळला. बायको, सुनंदा, शाळेत शिक्षिका. त्या रविवारी तिला परीक्षेची ड्यूटी होती. घरी मी एकटा.

आमच्या गावी पडलेला दात कौलावर फेकतात, उंदरासाठी. दिल्लीत कौलं कुठली आणायची? म्हणून सुनंदाने आमची आपली एक पद्धत पाडली होती, दात तुळशीत पुरायचा. मुग्धाचे आधीचे दात असेच पुरले गेले आणि एकाही वेळी मी घरी नव्हतो. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होतो, फाइली संपत नसत. संध्याकाळी ऐकायचो, "आज एक पडला." मी "अरे वा" म्हणायचो आणि जेवायला बसायचो. उंटावरून शेळ्या हाकणारा बाप.

त्यामुळे त्या दिवशी, खरं सांगतो, रक्त पाहून घाबरलो तरी मनातून थोडा खूशही होतो. या वेळी आपण हजर आहोत! ओठावर बर्फ धरला, गेटापाशी पडलेला दात शोधून आणला, मुलीचा हात धरून कुंडीत पुरला, वर पाणीसुद्धा घातलं. ती टॉवेलमधून काहीतरी सांगत होती. "बाबा, ये वाला पक्का है. दूधवाला तो कब का गिर गया." मला ते नीट ऐकू आलं होतं. मी म्हटलं, "बोलू नकोस, रक्त येतंय."

आता डॉक्टरबाई म्हणाल्या, "बच्ची को यहीं छोड़िए और भागिए. जड़ को हाथ मत लगाना. रगड़ना बिल्कुल नहीं. ठंडे दूध में डालकर लाइए."

स्कूटर कशी चालवली, आठवत नाही. बाल्कनीत बसून दोन्ही हातांनी कुंडी उकरली. तुळस मुळासकट बाजूला झाली. आधी हाताला लागला तो दात नव्हता, खडा होता. मग एक इवलासा दात मिळाला, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, खाली मूळच नाही. मग तसाच दुसरा. क्वार्टरमधून टेम्पोत घालून आणलेल्या त्या कुंडीत तिचे समोरचे दोन्ही दुधाचे दात आधीपासून होते. मुलगी खरंच सांगत होती. मला तिथेच रडू फुटलं.

तिसरा मिळाला तो बोटाच्या पेराएवढा लांब, मुळाला माती चिकटलेली. हात आपोआप नळाकडे गेला, घासून लख्ख करावा म्हणून. तेवढ्यात बाईंचे शब्द आठवले. मुळाला हात न लावता, पांढऱ्या टोकाला धरून दात दुधाच्या डब्यात सोडला आणि निघालो.

मी पोचलो तेव्हा सव्वा तास झाला होता. त्या रागावल्या नाहीत. दात हळूच धुऊन त्यांनी जागेवर बसवला. याला रिप्लांटेशन म्हणतात. मग स्प्लिंट, म्हणजे बारीक तार लावून तो शेजारच्या दातांना दोन आठवडे बांधून ठेवला. मातीत पडला होता म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन. पुढच्या आठवड्यात रूट कॅनाल, म्हणजे दाताची आतली मेलेली नस काढून पोकळी भरणं.

"टिकेल?" मी मराठीतच विचारलं. त्यांना अर्थ कळला असावा.

"देर हुई है. जड़ धीरे-धीरे हड्डी में घुल जाएगी. पाँच साल चले, दस चले. तब तक बच्ची हँसेगी तो सही."

संध्याकाळी सुनंदा आली. उपटलेली तुळस पाहून तिने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. तिने तुळस परत लावली. ती जगली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं करा. पक्का दात असेल आणि स्वच्छ असेल, तर तिथल्या तिथे खाचेत बसवा, मुलाला रुमाल चावायला द्या आणि डॉक्टरकडे पळा. ते जमलं नाही तर दुधात ठेवा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. कुठला आहे ते कळत नसेल, तर पुरू नका, फेकू नका, सोबत घेऊन जा. आणि मूल काही सांगत असेल तर रक्त पुसता पुसता ऐका.

तो दात नऊ वर्षं टिकला. मुग्धा वाढली तशी तो शेजारच्यापेक्षा जरा आखूड दिसू लागला. फोटोत ती तरीही तोंड भरून हसायची. अठरा पुरी झाल्यावर तो हलू लागला आणि त्याच डॉक्टरबाईंनी काढला. त्या जागी आता खोटा बसवायचा होता. त्या वेळी मी ऑफिसातून सुट्टी काढून शेजारी बसलो होतो. निघताना बाईंना वाकून नमस्कार केला.

घरी आल्यावर तिने कागदाची पुडी पुढे केली. "बाबा, आता तुळशीत घालूया?"

"थांब," मी म्हटलं, "आधी तू सांग. हा कुठला?"

ती हसली, मधली खिडकी उघडी ठेवून. "पक्का," ती म्हणाली.