दादा, अडकतेय…

मनमाडहून फोन आला तो दादाच्या मित्राचा. ‘ताई, दादा गेले… बसल्या जागी.’ मला रडू आलं नाही. आधी धडकी भरली, ती दुसऱ्याच गोष्टीची. माझी लेक केतकी त्या वेळी रायफल घेऊन सरावाला गेली होती, आणि तिच्याजवळची काडतुसं दादाने माझ्या मागे भरलेली असणार, असं माझ्या मनाने घेतलं. मी लग्नासाठी सटाण्याला गेले होते. आदल्या संध्याकाळी परतले, तर दादा मनमाडला निघून गेलेला आणि त्याचं काडतुसं भरायचं टेबल पुसून लख्ख. म्हणजे या खेपेच्या पुंगळ्या, काडतुसांची ती पितळी नळकांडी, तपासायला माझ्या हाताखालून गेल्याच नव्हत्या. मी चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही, रिक्षात मात्र बसले होते.

दादा माझा थोरला भाऊ. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर नाशिकला आमच्याकडेच राहायला आला. भाचीला नेमबाजीचं वेड, आणि याच्याकडे वापरलेली काडतुसं पुन्हा भरण्याची रीतसर परवानगी. गोळी झाडली की पितळी पुंगळी ताणली जाऊन किंचित लांबते. तिचं तोंड घासून ती मापात आणावी लागते. तशीच भरली, तर बंदुकीत तोंड आवळतं, दाब नको तितका वाढतो… आणि नेम धरणाऱ्याचा गाल तिथून वीतभरही लांब नसतो. हे त्यानेच मला सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

परदेशी यंत्र ऐपतीबाहेरचं होतं. दादाने जुन्या बाजारातून हाताने फिरवायचं ड्रिल आणलं, त्याला पातं बसवलं आणि पात्याने जास्त खाऊ नये म्हणून पुढे एक पोलादी अडसर लावला. मापासाठी लोखंडी पट्टीत एक खाच पाडली. पुंगळी खाचेत सरकली तर ठीक, अडकली तर लांब. आणि ती पट्टी ठेवली माझ्या हातात!

‘मला नाय जमायचं. लय भीती वाटते रे.’

‘म्हणून तर तुला देतोय, सुमे. धीट माणूस चालतंय की म्हणतो. भित्रा दोनदा बघतो.’

एरवी ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून चिडवायचा, पण मी पाहिल्याशिवाय एकाही पुंगळीत दारू भरायचा नाही. वर्षानुवर्षं दुपारचा चहा झाला की त्याचं ड्रिल कुरकुरायचं आणि मी ती पट्टी घेऊन समोर बसायचे. चुकून एखादी अडकली की मी ओरडायचे, ‘दादा, अडकतेय!’ तो खुशीत यायचा, जणू मी बक्षीस मिळवलंय. शेवटच्या वर्षी त्याला मोतीबिंदू झाला, तसं माझं ओरडणं वाढलं. शस्त्रक्रियेचं काढलं की हसून म्हणायचा, ‘तू हायेस ना.’

नेमबाजीच्या रेंजच्या फाटकातून मी धावत गेले. केतकी सावलीत बसून डबा खात होती. मला पाहून दचकली. ‘काडतुसं?’ एवढंच माझ्या तोंडून निघालं. ‘आई, ती जुनीच आहेत, तूच तपासलेली. मामाने नवीन भरलीच नाहीत. म्हणाला, सुमी येऊ दे.’ मग मी तिथेच मातीत बसले आणि तिला मामा गेल्याचं सांगितलं.

त्याला आता महिना झाला. टेबलाच्या खणात त्याने घासून ठेवलेल्या पुंगळ्या होत्या, रिकाम्या, फडक्यात बांधलेल्या. परवा दुपारी चहा झाल्यावर मी त्या घेऊन बसले. काय करणार, हाताला सवय आहे. एकेक खाचेत सरकत गेली. माझी भीती हळूहळू उतरायला लागली होती… आणि एक अडकली. फिरवून पाहिली, पुन्हा अडकली. त्याला दिसत नव्हतं, आणि ते त्याला माहीत होतं.

‘दादा, अडकतेय!’ मी ओरडले. मग पुंगळी तशीच धरून बसून राहिले. समोर ड्रिल होतं, पण त्याच्या मुठीला हात लावायचा मला धीर झाला नाही.